शिलेदार गल्लीतले एकतीस फितूर

लालासाहेब स्वतःची ओळख करून द्यायला उभे राहिले, की समोरच्याने आधी बसून घ्यावं, असा शिलेदार गल्लीचा शिरस्ता होता. कारण ओळख लांब होती.

"नाव लालासाहेब. हुद्दा, माजी सैन्य गुप्तचर. डोकं बर्फाचं. कान सशाचे. पावलं मांजराची. साताऱ्यापास्नं सांगलीपतुर कृष्णाकाठाला जेवढी म्हणून रहस्यं हायती, ती मला लांबनं बघूनच हात वर करत्यात. आजवर एक केस अशी न्हाई, की मी हातात घेतली आणि संपली न्हाई!"

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. केस संपायची. हरवलेली म्हैस संध्याकाळी आपली आपण गोठ्यात यायची, चोरीला गेलेली सायकल आपण मंडईत विसरून आलो हे मालकाला आठवायचं, आणि लालासाहेब वहीत लिहायचे, 'प्रकरण निकाली'. राहिला प्रश्न सैन्य गुप्तचराचा. लालासाहेबांनी बावीस वर्षं फौजेच्या कोठारात कांबळी मोजली होती. "पण कोठारात कांबळी किती, हे शत्रूला कळलं का कधी?" असं ते विचारत. शत्रूला कळलं नव्हतं, हे कुणालाच नाकारता येत नसे.

हे सगळं नईमला पाठ होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्सचं दुकान. दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीत गेली सहा वर्षं लालासाहेब. खुर्ची सोडवायची तर माणूस सोडवायला हवा, आणि माणूस सुटत नाही म्हणून नईम त्यांचा सहायक झाला होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं. पावसात सापडलेला माणूस भिजतो, तसा तो सहायक होता.

नगरपालिकेचा निकाल लागून तिसरा दिवस होता. सकाळी दुकानात वीरधवल आला. पन्नाशीचा, उंच, उभा जोंधळा जसा. पण आज कणीस खाली झुकलेलं. गल्लीतनं अपक्ष उभा राहिला होता आणि बारा मतांनी पडला होता. निकालाआधीच त्याने अकरा किलो कंदी पेढे सांगून ठेवले होते. ते आता घरी होते, आणि ते खायला कुणाचं तोंड धजत नव्हतं.

"लालासाहेब," तो म्हणाला, "मला मानसं शोधून पायजेत. एकतीस."

लालासाहेब खुर्चीत ताठ झाले. "मेलेली का जिती?"

"जिती हायत. रोज राम राम घालत्यात मला." वीरधवलने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ह्यो बघा, तीन नंबरच्या केंद्राचा हिशोब. आपल्या गल्लीचं केंद्र. उदयसिंहाला किती, ऋषिराजला किती, ते सोडा. हितं बघा. नोटा, एकतीस!"

'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला गल्ली नुसतं नोटा म्हणायची. उमेदवारांपैकी एकही पसंत नसेल, तर दाबायचं बटण.

"दुसऱ्या केंद्रांवर दोन, चार, फार तर पाच," वीरधवल म्हणाला. "माझ्याच गल्लीत एकतीस? उदयसिंहाला दिलं असतं तर मी म्हणलो असतो, चला, त्याचा विचार पटला. पण ह्यांनी आत जाऊन, माझं नाव वाचून, कुणीच नको म्हणलं. मी इतका का वंगाळ हाय?"

नईमने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आईच्या जोडीच्या बाया रोज माझ्या सोप्यात बसून जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत्यात," पाणी पिऊन वीरधवल म्हणाला. "चौदा वर्षं झाली. सोपा माझा, वीज माझी, च्या माझा. आणि घरं त्यांची मला नको म्हणत्यात! रविवारपतुर नावं सांगा. न्हाईतर रविवारी सोप्याला कुलूप. इन्व्हर्टरवाला कवाचा जागा मागतोय."

तो निघून गेला. लालासाहेबांच्या डोळ्यांत दिवाळी लागली होती. नईमला मात्र नुसतं कुलूप दिसत होतं.

कारण घराच्या पुढच्या अंगाच्या त्या सोप्यात त्याची अम्मी बसायची. अख्तरबी. अब्बा गेल्यावर वर्षभर ती भिंतीशी बसून होती, बोलणं विसरल्यागत. मग एक दिवस वीरधवलची आई राहीबाई घरात आली, हाताला धरून तिला उठवलं, म्हणाली, "अख्तर, माझ्या वाकळंला तुझा टाका पायजे. माझा वाकडा जातोय." राहीबाईचा टाका कधी वाकडा जात नसे. पण अम्मी उठली. तेव्हापासून रोज दुपारी तीनला ती सुईदोरा घेऊन निघते आणि पाचला बोलत बोलत घरी येते. सोपा गेला, तर पुन्हा ती भिंत.

म्हणून नईम आयुष्यात पहिल्यांदा मनापासून सहायक झाला.

"पहिली गोष्ट," लालासाहेब म्हणाले, "मतदान गुप्त असतंय. पण मानसाचा कल गुप्त असत न्हाई. झाडाचा कल बुंध्यावरनं कळतो. मानसाचा त्याच्या गाडीवरनं."

"गाडीवरनं?"

"गाडी कुठल्या अंगाला कलती लावतो बघ. उजवीकडं, तर मानूस उजवा. डावीकडं, तर डावा. मधोमध उभी, तर समजायचं, ह्योच नोटावाला!"

सकाळभर दोघे गल्लीतल्या दुचाक्या टिपत फिरले. पंचेचाळीस गाड्या. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस डावीकडे कललेल्या.

"बाप रं!" लालासाहेब भिंतीला टेकले. "सगळी गल्ली लाल! आणि आपल्याला पत्ता न्हाई!"

"आवं, गाडीचा स्टँडच डाव्या बाजूला असतो."

लालासाहेबांनी वाकून एका गाडीचा स्टँड तपासला. "कंपनीबी सामील हाय म्हणायची," ते हळूच म्हणाले, आणि वहीचं पान उलटलं.

दुसरा सिद्धांत वर्तमानपत्राचा होता. जो जे वाचतो, तो त्या विचाराचा. रद्दीवाल्याकडे बसून त्यांनी घराघराची रद्दी तपासली, तर गोंधळ वाढला. प्रत्येक घर जूनपर्यंत एका विचाराचं आणि जुलैपासून बरोबर उलट्या विचाराचं. जुलैत गल्लीत काय उलथापालथ झाली असेल, या चिंतेने लालासाहेबांनी जेवण सोडलं. शेवटी रद्दीवाल्यानेच सांगितलं, "जुलैपास्नं ह्या पेपरात कुपनं येत्यात. साठ चिकटवली की स्टीलचा डबा. आधीच्यात प्लास्टिकची बादली हुती."

"म्हंजे मतपरिवर्तन?"

"डबापरिवर्तन," रद्दीवाला म्हणाला आणि तराजू झटकला.

तिसऱ्या दिवशी वेषांतर झालं. लालासाहेब डोक्याला मफलर बांधून, हातात फाईल घेऊन सर्वेक्षणवाले झाले. पहिलंच दार विजयमालाकाकूंचं.

"नमस्कार. आमी पुण्याहून आलो. तुमचा राजकीय कल सांगता का?"

"लालासाहेब, मफलर सोडा, घाम आलाय," काकू म्हणाल्या. "आणि नईम, तुज्याकडं आधार कार्डाची झेरॉक्स टाकली हुती, झाली का?"

"आमी लालासाहेब न्हाई," लालासाहेब खोल आवाजात म्हणाले.

"बरं. मग लालासाहेब भेटले तर त्यांना सांगा, माझी शिडी आणून द्या म्हणावं. गणपतीत नेलीया."

दुपारी शिडी परत गेली. तपासात निष्पन्न झालेली ती पहिली ठोस गोष्ट.

शुक्रवारी लालासाहेबांना सांगलीचा वास आला. गल्लीच्या मतदारयादीत एक हळदीचा व्यापारी अजून होता, तो आठ वर्षांपूर्वीच सांगलीला गेलेला. "एकतीस जणांची टोळी, आणि म्होरक्या बाहेरगावी! ह्यो डाव जुना हाय." दोघे एसटीने सांगलीला पोचले. बाजारात हळदीने हवा पिवळी झाली होती. लालासाहेबांनी व्यापाऱ्यासमोर उभं राहून डोळे बारीक केले. व्यापाऱ्याला वाटलं, डोळ्यात हळद गेली. त्याने गार पाण्याचा हबका मारला, पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "मत? मी त्या दिवशी हितंच हुतो की. सौदं चालू हुतं. का, सातारला मतदान हुतं का?"

परतीच्या एसटीत लालासाहेब खिडकीशी बसले. मांडीवर अर्धा किलो भडंगाची पुडी. सांगलीहून सोबत आलेला पुरावा तेवढाच, आणि कराड येईपर्यंत तोही संपला.

"नईम," बोटं झटकत ते म्हणाले, "आता एकच राह्यलं. शत्रूच्या गोटात शिरायचं."

"गोट कुठला?"

"सोपा. बाया बोलत्यात. सुई चालली की जीभ चालती. मी ऐकनार. कांबळ्यांच्या ढिगात बावीस वर्षं काढल्यात मी. वाकळांच्या ढिगात मला देवबी हुडकायचा न्हाई."

रविवार उजाडला. दुपारी अडीचला सोप्याच्या कोपऱ्यातल्या वाकळांच्या ढिगात लालासाहेब शिरले. त्यांचं पोट किंचित बाहेर राहिलं, त्यावर नईमने एक जुनं लुगडं टाकलं आणि पायरीवर जाऊन बसला. तीनला बाया आल्या. राहीबाई, अख्तरबी, विजयमालाकाकू, भाजीवाल्या बनाबाई आणि आणखी आठनऊ जणी. मधोमध नवी वाकळ अंथरली. ती मोठी होती, म्हणून तिचं एक टोक आपसूक कोपऱ्यातल्या ढिगावर गेलं. सुया निघाल्या. बनाबाईंनी गळा काढला.

वाकळंला गं माज्या, ठिगळ तुज्या लुगड्याचं
नातं दोन उंबऱ्यांचं, दोऱ्यावाणी

नईम पायरीवर ऐकत होता. ज्या दाराला आज कुलूप लागायचं, त्या दारातून ते सूर बाहेर येत होते, आणि त्यांत अम्मीचा आवाज होता, बारीक, पण होता. त्याला वाटलं, एकतीस काय, एकशे एकतीस फितूर असू देत, हा आवाज राहू दे.

"लालासाहेब," आतून राहीबाईंचा शांत आवाज आला, "पाय जरा आखडा. टाका घालायचाय."

ढिगातून पाय आखडले गेले. ओवी थांबली नाही.

तेवढ्यात वीरधवल आला. हातात कुलूप, नवं, पितळी, नारळाएवढं. त्याने नईमकडे बघितलं. नईमने मान हलवली. नावं नव्हती. वीरधवल चपला न काढताच सोप्यात चढला.

"आई, बायांना घरी जायला सांग. आजपास्नं सोपा बंद."

सुया थांबल्या. अख्तरबीने हातातला दोरा बोटाला गुंडाळला, घट्ट.

"का रं?" राहीबाईंनी विचारलं.

"का? ह्या गल्लीत एकतीस मानसांनी मी नको म्हणून बटण दाबलंय, म्हणून! ह्याच घरांतली हायत. ह्याच बायांच्या घरांतली!"

"काय बोलतोस लेकरा?" राहीबाई उठल्याच. "पुरुषांचं मला ठावं न्हाई. पण बायांच्या नावानं बोटं मोडू नगंस. रिक्षाच्या किती खेपा केल्या मी! मला धरून एकतीस जणी नेल्या मोजून. एकीनं चूक केली न्हाई. चुकू नये म्हणून गाणं बांधलं हुतं आमी. बना, म्हण गं."

बनाबाईंनी पदर सावरला. बाकीच्यांनी धरलं.

पयलं गं बटण, मी न्हाई दाबियलं
दुसऱ्याला शिवियलं, न्हाई बाई
तिसऱ्या बटणाला, पाठ मी फिरवली
शेवटाला लावली, माया माझी

"शेवटाला?" वीरधवलने विचारलं.

"तर! मशीनवरल्या गुलाबी कागदावरचं सगळ्यांत शेवटलं बटण. तुजंच न्हवं का ते? तूच सांगितलंस, माझं नाव शेवटाला हाय म्हणून. आणि शिकवणी ह्या लालासाहेबांनी घेतली." त्यांनी भिंतीच्या फळीवरून एक पुठ्ठा काढला. त्यावर बाटलीची चार झाकणं एकाखाली एक चिकटवली होती. शेवटच्या झाकणापुढे वीरधवलचा फोटो. "धा धा येळा दाबून घेतलं आमच्याकडनं. आमाला वाचता येत न्हाई, पण शेवट कळतो की. मी तर असं दाबून धरलं, का मशीन कोकललं तवाच सोडलं."

नईमने झाकणं मोजली. चार. मग त्याला केंद्रातलं मशीन आठवलं. त्याने स्वतः चौथं बटण दाबलं होतं, वीरधवलचं. आणि चौथ्याच्या खाली आणखी एक होतं. असतंच. सगळ्या उमेदवारांची नावं संपली, की सगळ्यांत शेवटी.

वीरधवलच्याही ध्यानात आलं असावं. त्याच्या हातातलं कुलूप हळूहळू खाली आलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी ढीग हलला. "करेक्ट!" लालासाहेब गरजले आणि उभे राहिले. म्हणजे राहायला गेले. सदऱ्याची उजवी बाही, पाठ आणि धोतराचा सोगा नव्या वाकळेत बारीक टाक्याने शिवला गेला होता, त्यामुळे त्यांच्याबरोबर वाकळ उठली, वाकळेबरोबर चार बाया उठल्या. "राहीबाई खरं बोलत्यात! मी स्वतः शेवटचंच दाबलंय. हुकूम म्हंजे हुकूम! मग ह्या गल्लीत नोटा दाबला कुनी?"

"लालासाहेब," नईमने अगदी हळू विचारलं, "शेवटच्या बटणापुढं काय लिवलं हुतं, वाचलं का तुमी?"

"वाचायचं काय त्यात? आणि वाचायला चष्मा लागतोय. चष्मा लावला की हेर हेर दिसत न्हाई, पेन्शनर दिसतोय." एवढं बोलून ते थांबले. मग पुठ्ठ्याकडे बघितलं. मग वर, आढ्याकडे, जणू केंद्रातलं मशीन तिथे टांगलं होतं. ओठ हलले. एक, दोन, तीन, चार. आणि मग पाचवं बोट उघडलं, आणि तोंडही उघडलं, आणि उघडंच राहिलं.

नईमने सहा वर्षांत त्यांना खरोखर काही सापडलेलं पाहिलं नव्हतं. आज सापडलं होतं. आता ते बोलणार. गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणार. आयुष्यभर ज्या घडीची वाट बघितली, ती घडी वाकळ पांघरून समोर उभी होती.

राहीबाई मात्र लेकाकडे बघत होत्या. "पोचली न्हवं रं आमची मतं तुला?"

वीरधवलने लालासाहेबांकडे बघितलं. लालासाहेबांनी वीरधवलकडे. मग लालासाहेबांनी आपलं तोंड मिटलं, दोन्ही बाजूंनी, कांबळ्यांचं कोठार बंद करावं तसं.

"पोचली आई," वीरधवल म्हणाला. "एकतीसच्या एकतीस पोचली."

"मग पडलास कसा?"

"बाकीच्यांची कमी पडली."

"ते म्हण मग. बायांवर कशाला घसरतोस?" राहीबाई बसल्या, सुईत दोरा ओवला. "आणि ते कुलूप कशाला आणलंस?"

वीरधवलने हातातल्या कुलपाकडे बघितलं, जणू ते कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवलं होतं. "ते... तेल घालायला."

"नव्या कुलपाला? बरं. फळीवर हाय तेल. आणि येताना पेढं आण आतनं. तोंडं वाळली बायांची."

वीरधवल आत गेला. बाहेर यायला त्याला जरा वेळ लागला. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात पेढ्यांची परात होती. पहिला पेढा त्याने आईच्या तोंडात घातला, मग एकेकीला. अख्तरबीने बोटाचा दोरा सोडला. बोटावर लाल वळ उठला होता.

राहिले लालासाहेब. राहीबाईंनी बजावलं की टाका तोडायचा नाही, नवी वाकळ आहे. त्यामुळे महान हेर सदरा आणि धोतर वाकळेत ठेवून, बंडी आणि वीरधवलच्या लुंगीत नईमच्या दुकानी परतले, आणि खुर्चीत बसून त्यांनी अहवाल सांगायला घेतला.

"लिही. शिलेदार गल्ली प्रकरण. तपास सखोल. आरोपी..." त्यांनी नईमच्या हातातली वही सरळ केली. "आरोपी अज्ञात. प्रकरण अनिर्णित."

"अनिर्णित?" नईमने पेन थांबवलं. "तुमची एक केस आजवर अनिर्णित न्हाई."

"मग आता हाय. लिही गप. आणि ते वहीत ठेव, बाहेर बोलू नगंस." लुंगी सावरत ते उठले. खुर्ची मोकळी झाली. दुकान उघडं असताना सहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि नईमला ती उगाच ओकीबोकी वाटली.

तरी त्याच्या डोक्यात एक हिशोब टोचत होता. एकतीस बाया, आणि बत्तिसावे लालासाहेब. नोटा मात्र एकतीसच. एक मत कमी पडत होतं.

पाचला अम्मीला घेऊन तो घराकडे निघाला. अजिंक्यताऱ्यावर ऊन तांबूस झालं होतं. अख्तरबी पदरात बांधलेला पेढा चाचपत चालली होती.

"अम्मी, तू कुठलं दाबलंस?"

"चौथं," ती म्हणाली. "मला वाचाया येतं की. सातवी झालीया माझी. चौथ्याला वीरधवल, पाचव्याला ते नको म्हणायचं."

नईम थांबला. "म्हंजे तुला ठावं हुतं? निकाल लागल्यापास्नं?"

"त्याच्याबी आधी. बाहेर आले तर सगळ्या हसत हुत्या, शेवटचं दाबलं, शेवटचं दाबलं म्हणून. राहीबाई तर लगीन लागल्यावाणी खूश. ते तोंड बघितलं आणि माझी जीभच उचलली न्हाई."

"आगं, पण सोप्याला कुलूप लागत हुतं! एक शब्द बोलली असतीस तर..."

"कुनाला बोलू?" अख्तरबी चालतच राहिली. "सोपा गेला असता तर दारात बसलो असतो आमी, वट्ट्यावर बसलो असतो. पण तिला कसं सांगायचं, की तुज्याच बोटानं तुजं पोरगं पाडलं म्हणून? चौदा वर्षं झाली, तिनं मला कधी सांगितलं न्हाई की तिचा टाका सरळच जातोय म्हणून."

दोघे थोडं चालले.

"तुमच्या त्या हेराला कळलं का रं?" तिने विचारलं.

"कळलं."

"मग काय लिवलं त्यानं?"

"आरोपी अज्ञात."

अख्तरबीने पदराची गाठ सोडली, पेढा मोडला, अर्धा लेकाच्या हातावर ठेवला.

"शाना हाय की मग," ती म्हणाली. "दिसत न्हाई तसा."